तेलाच्या वाटेनं आलेलं फूल

श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी गोडादऱ्यात घरोघरी खानदेशची देवी कानबाई बसते. सुरतेचा हा पट्टा, म्हणजे गोडादरा, डिंडोली, लिंबायत, उधना, जळगाव-धुळे-नंदुरबारकडून आलेल्या खानदेशी कुटुंबांनी दोन-तीन पिढ्यांपासून आपलासा केलेला. तापीकाठच्या रेल्वेनं माणसं आली, मागोमाग देव आले, रोट आले, अहिराणी गाणी आली. कानबाईसाठी फुलांची खरेदी होते तेव्हा पिशवीत झेंडू असतो, शेवंती असते, गुलाब, मोगरा असतो. सूर्यफूल नसतं. ते हारात ओवत नाहीत, केसांत माळत नाहीत, तोरणात लावत नाहीत. त्याला म्हणावा असा वास नाही. त्याच्या नावाचं व्रत नाही आणि कुठल्या कहाणीत त्याचा उल्लेख नाही.

पण त्याच घरात जरा नजर फिरवा. दाराच्या पडद्यावर सूर्यफूल आहे, पलंगाच्या चादरीवर आहे, आजीच्या रोजच्या नेसत्या साडीवर आहे, मुलीच्या वहीच्या मुखपृष्ठावर आहे, तेलाच्या पिशवीवर तर आहेच. ज्या फुलाला आपण देवघरात जागा दिली नाही त्याला घरभर जागा दिली. फुलावर आपलं प्रेम बहुतेक वेळा कशाच्या तरी आधारानं बसतं. मोगऱ्याला वासाचा आधार, कमळाला लक्ष्मीचा, प्राजक्ताला कृष्णाच्या कथेचा, झेंडूला दसऱ्याचा. सूर्यफुलाला यातलं काहीच नाही. ते आवडतं ते निव्वळ पाहून. म्हणून एखादं फूल डोळ्यांना का आवडतं हा प्रश्न समजून घ्यायचा असेल, तर मराठी माणसासाठी सूर्यफुलाइतकं चांगलं फूल दुसरं नाही.

आपल्या पुराणांत ते नसण्याचं कारण सरळ आहे: पुराणं रचली गेली तेव्हा ते या भूमीवर नव्हतंच. आपल्याकडे सूर्याचं फूल म्हणजे कमळ. गुजरातेत मोढेऱ्याचं सूर्यमंदिर अकराव्या शतकातलं, सोळंकी राजा भीमदेव पहिला याच्या काळचं. तिथल्या सूर्यमूर्तींच्या दोन्ही हातांत उमललेली कमळं दिसतात. सूर्यफूल उत्तर अमेरिकेचं. तिथल्या मूळ रहिवाशांनी चार हजार वर्षांपूर्वीच ते रानातून शेतात आणलं होतं, त्याच्या बियांचं पीठ आणि तेल ते वापरत. सोळाव्या शतकात स्पॅनिश जहाजांतून ते युरोपात गेलं आणि तिथं बराच काळ नवलाचं झाड म्हणून बागांत मिरवलं. त्याचं तेलबियांचं पीक केलं रशियानं. १८२९ च्या सुमारास व्होरोनेझ भागातल्या अलेक्सेयेव्का गावी दानिल बोकारेव्ह नावाच्या माणसानं त्याचं तेल गाळायला सुरुवात केली असं सांगतात. पुढं विसाव्या शतकात क्रास्नोदारच्या पुस्तोवोइत या संशोधकानं निवड करत करत बियांतलं तेलाचं प्रमाण पन्नास टक्क्यांच्या आसपास नेलं.

आपल्याकडे ते शेतीचं पीक म्हणून आलं १९६९ मध्ये, तेही सोव्हिएत रशियाच्या वाणांच्या रूपात. देशात खाद्यतेलाची टंचाई होती, भुईमूग पावसावर अवलंबून, आणि हे पीक खरीप, रब्बी, उन्हाळी कुठल्याही हंगामात नव्वद-शंभर दिवसांत हाती येत होतं. १९८० मध्ये बंगळुरूहून बीएसएच-१ हा सूर्यफुलाचा भारतातला पहिला संकरित वाण आला. महाराष्ट्रात लातूर, धाराशिव, सोलापूर, बीड या जिल्ह्यांनी ते उचललं, खानदेशातल्या काळ्या जमिनीतही त्याची पिवळी शेतं दिसू लागली. म्हणजे आज साठी-सत्तरीत असलेल्या खानदेशी माणसाच्या लहानपणी हे फूल बहुधा गावात नव्हतंच, आणि तरुणपणी अचानक शेताच्या शेतं भरून समोर उभं राहिलं. इतक्या कमी वेळात एखादं फूल परकं राहत नाही हे मला फार मोलाचं वाटतं.

या पिकातली एक गोष्ट मुद्दाम सांगायला हवी. सूर्यफुलाच्या तबकात बी भरायला परागीभवन लागतं आणि ते मुख्यतः मधमाश्या करतात. मधमाश्या कमी असल्या की दाणे पोचट राहतात. म्हणून कृषी विद्यापीठं शेतकऱ्यांना सांगत आली: पीक फुलोऱ्यात असताना सकाळच्या वेळी तळहाताला मऊ कापड गुंडाळा आणि प्रत्येक तबकावरून हलका हात फिरवा, दिवसाआड, आठ-दहा दिवस. हे काम बहुतेक बायांच्या वाट्याला. छातीइतक्या उंच झाडांच्या ओळीतून चालत, प्रत्येक फुलाच्या तोंडावरून हात फिरवत जाणं. पिकाशी इतक्या जवळून गाठ दुसऱ्या कुठल्या तेलबियात पडत असेल असं मला वाटत नाही.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला देशात वीस लाख हेक्टरांहून जास्त क्षेत्र या पिकाखाली होतं. मग ते झपाट्यानं आटलं. १९९७ च्या सुमारास कर्नाटकात नेक्रोसिस हा विषाणूजन्य रोग दिसला आणि पसरला, पोपटांच्या थव्यांनी उभी तबकं रिकामी केली, आणि बाहेरून स्वस्त तेल यायला लागलं. आज आपल्या पिशवीतलं सूर्यफूल तेल बहुतांशी युक्रेन, रशिया आणि अर्जेंटिनातून येतं. २०२२ मध्ये रशिया-युक्रेन युद्ध सुरू झालं तेव्हा गोडादऱ्याच्या किराणा दुकानातही त्याचा भाव लगेच चढला. शेतातून फूल गेलं, पिशवीवर राहिलं. कापडावर तर वाढतच गेलं.

आता ते डोळ्यांत का भरतं ते पाहू. ज्याला आपण एक फूल म्हणतो ते हजार-दोन हजार फुलांचं संमेलन असतं. कडेची पिवळी पाकळी हे एक स्वतंत्र फूल, वांझ, फक्त बोलावण्याचं काम करणारं. शास्त्रात त्याला किरणपुष्पक म्हणतात. मधल्या तपकिरी गोलातला प्रत्येक ठिपका हेही फूल, बिंबपुष्पक. बी धरतं ते हे. ही बिंबपुष्पकं बाहेरून आत, रोज एक ते चार ओळी अशी उमलत जातात. म्हणून आठवडाभर एकच फूल रोज वेगळं दिसतं: कडेला परागानं पिवळं झालेलं कडं, आत अजून मिटलेला हिरवट मध्यभाग, आणि ते कडं दिवसेंदिवस आत सरकणारं.

या गोलात एक शिस्त आहे. वाढीच्या टोकाशी प्रत्येक नवी कळी आधीच्या कळीपासून साधारण १३७.५ अंशांवर उगवते. हा कोन असा आहे की कितीही वेळा फिरलं तरी नवी कळी जुनीच्या नेमकी रेषेत येत नाही, त्यामुळे जागा वाया जात नाही आणि बिया गच्च बसतात. हीच मांडणी आपल्या डोळ्याला वळणदार रांगा म्हणून दिसते, काही डावीकडे वळणाऱ्या, काही उजवीकडे. मोठ्या तबकात त्या बहुतेक ३४ आणि ५५, किंवा ५५ आणि ८९ भरतात. हे आकडे एका मालिकेतले: १, १, २, ३, ५, ८, १३ अशी, मागच्या दोहोंची बेरीज करत जाणारी. इंग्लंडमध्ये लोकांकडून मागवलेल्या ६५७ तबकांची मोजणी २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली. बहुसंख्य तबकं या मालिकेत बसली, पण काही बसली नाहीत, आणि मला ही न बसणारी तबकं तितकीच आवडतात. निसर्ग इथं नियम पाळतो, पण हुकमाचा ताबेदार नाही. वाळलेलं तबक हाती आलं तर पेनानं एकेक रांग खुणावत मोजून पाहा. मुलांबरोबर घालवलेली अशी दुपार वाया जात नाही.

आणि सूर्याकडे तोंड फिरवण्याचं काय? ते खरं आहे, पण अर्धंच. फिरतं ते कोवळं झाड. दिवसा देठाची पूर्वेकडची बाजू जास्त वाढते म्हणून शेंडा पश्चिमेकडे झुकतो, रात्री पश्चिमेकडची बाजू जास्त वाढते आणि पहाटेपर्यंत तो पुन्हा पूर्वेला येऊन थांबतो. सूर्य उगवण्याआधीच येऊन थांबतो, कारण हे झाडाच्या आतल्या घड्याळावर चालतं. फूल पुरतं उमललं की वाढ थांबते आणि तोंड पूर्वेकडे कायमचं ठरून जातं. कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस इथल्या शास्त्रज्ञांनी २०१६ मध्ये दाखवलं की पूर्वाभिमुख तबक सकाळी लवकर तापतं आणि पश्चिमेकडे फिरवून ठेवलेल्या तबकापेक्षा तिथं सकाळच्या वेळी पाचपट मधमाश्या येतात.

युरोपातल्या चित्रकारांना हे माहीत नव्हतं. त्यांनी या नव्या झाडावर एक जुनी गोष्ट टांगली. रोमन कवी ओव्हिडनं सूर्यावर जीव जडलेल्या क्लायटीची कथा सांगितली होती. तिचं शेवटी सूर्याकडे पाहणारं झाड होतं. ओव्हिडच्या मनातलं झाड अर्थातच दुसरं कुठलं तरी होतं, सूर्यफूल तिथं पोचायला अजून पंधराशे वर्षं होती. तरी कथा चिकटली. अँथनी व्हॅन डाइक या दरबारी चित्रकारानं १६३२-३३ च्या सुमारास स्वतःचं चित्र काढलं, त्यात तो एका हातानं भल्यामोठ्या सूर्यफुलाकडे बोट दाखवतो आणि दुसऱ्या हातानं राजानं दिलेली सोन्याची साखळी उचलून धरतो. अर्थ उघड: फूल जसं सूर्याकडे, तसा मी राजाकडे.

व्हिन्सेंट व्हॅन गॉगनं फुलावरचा हा दरबारी अर्थ उतरवून बाजूला ठेवला. आपल्याकडे हा चित्रकार अनेकांना भेटला तो माधुरी पुरंदरे यांनी मराठीत आणलेल्या आयर्व्हिंग स्टोनच्या कादंबरीतून. पॅरिसमध्ये १८८७ साली त्यानं सूर्यफुलं काढली ती तोडून जमिनीवर टाकलेली, बी धरलेली, पाकळ्या वाळून वेड्यावाकड्या झालेली. ऑगस्ट १८८८ मध्ये दक्षिण फ्रान्सच्या आर्ल गावी चित्रकार मित्र गोगँ राहायला येणार म्हणून त्याची खोली सजवायला त्यानं फुलदाणीतल्या सूर्यफुलांची चार चित्रं भराभर काढली. फुलं लवकर मान टाकतात म्हणून तो सूर्योदयापासून कामाला बसायचा, हे त्यानंच भावाला कळवलंय. नंतर आणखी तीन प्रती केल्या. लंडन, म्युनिक, ॲमस्टरडॅम, फिलाडेल्फिया, टोकियो इथं आज त्यांतली पाच आहेत, एक खासगी संग्रहात आहे, आणि एक ऑगस्ट १९४५ मध्ये जपानमधल्या अशिया गावावरच्या बॉम्बहल्ल्यात जळून गेलं. मला सगळ्यांत जवळचं वाटतं ते म्युनिकचं, फिकट हिरव्या-निळ्या भिंतीपुढचं. तिथं पिवळ्याला श्वास घ्यायला जागा आहे.

ही चित्रं नीट पाहिली तर त्यांत सगळी फुलं टवटवीत नाहीत. कुणी पुरतं उमललेलं, कुणाच्या पाकळ्या गळलेल्या, कुणी नुसतं बियांचं तबक, कुणी खाली वाकलेलं. एकाच फुलदाणीत एका आयुष्याच्या सगळ्या अवस्था. गुलाब कोमेजला की तो चित्रातून बाद होतो. सूर्यफूल वाळल्यावर त्याचं काम पुरं होतं, म्हणून ते वाळलेलंही बघण्यासारखं राहतं. या चित्रांतली काही फुलं गुबगुबीत, आतपर्यंत पाकळ्याच पाकळ्या असलेली दिसतात. ती कल्पना नव्हे. बियांचं काम करणाऱ्या बिंबपुष्पकांनी किरणपुष्पकांचं रूप घेतलं की तसं होतं, आणि त्यामागचा जनुकीय बदल २०१२ मध्ये जॉर्जिया विद्यापीठातल्या संशोधकांनी शोधून दाखवला. व्हॅन गॉगनं पाहिलं तेच रंगवलं होतं.

त्याचा पिवळा मात्र त्याला दगा देतोय. तो शिशाच्या क्रोमेटचा, क्रोम यलो. वर्षानुवर्षं उजेड लागला की त्यातल्या क्रोमियमचं रूप बदलतं आणि रंग तपकिरीकडे झुकतो. फिकट पिवळ्या छटा तर जास्तच नाजूक. ॲमस्टरडॅमच्या संग्रहालयानं म्हणूनच २०१९ मध्ये जाहीर केलं की आपलं सूर्यफुलांचं चित्र यापुढं प्रवासाला पाठवणार नाही.

पिवळा टिकवणं हा गोडादऱ्याच्या आसपास शेकडो माणसांचा रोजचा उद्योग आहे. सुरतेत विणलेलं पॉलिएस्टरचं ग्रे, म्हणजे कोरं, कापड पांडेसरा, सचिन, पलसाणा इथल्या डाइंग-प्रिंटिंग मिलमध्ये जातं आणि तिथं छपाईला उभे असलेल्यांत खानदेशी हात मोठ्या संख्येनं. पॉलिएस्टरला साधा पाण्यातला रंग चढत नाही. डिस्पर्स जातीचे रंग गोंदासारख्या लुकणात कालवून स्क्रीनमधून छापतात आणि मग कापडाला १७०-१८० अंशांच्या वाफेत फिरवतात, तेव्हा तापलेल्या धाग्याच्या आत रंग शिरतो आणि कापड थंड झाल्यावर तिथंच अडकतो. कागदावर छापून सुमारे २०० अंशांच्या दाबाखाली कापडावर उतरवण्याचीही रीत आहे. दोन्हींत रंग धाग्याच्या पोटात बसतो, म्हणून आजीच्या साडीवरचं सूर्यफूल इतक्या धुण्यांनंतरही पिवळंच असतं.

छपाईवाल्यांना हे फूल इतकं का रुचतं याला व्यवहाराची कारणंही आहेत. स्क्रीनच्या छपाईत प्रत्येक रंगाला वेगळी स्क्रीन लागते. गुलाब हुबेहूब दिसायचा तर गुलाबीच्या चार-पाच छटा हव्यात, त्या एकमेकींत विरायला हव्यात. सूर्यफूल पिवळा, नारिंगी, तपकिरी आणि पानांचा हिरवा एवढ्यावर उभं राहतं. आकार गोल, मधोमध गडद डोळा, त्यामुळे दहा पावलांवरूनही ओळखू येतं. आणि गोल असल्यानं त्याला वर-खाली नाही. देठासकट उभ्या काढलेल्या फुलाचं कापड एकाच दिशेनं नेसावं लागतं, बेतावं लागतं. सुटी सूर्यफुलं विखरून टाकली तर ते कापड कुठूनही कापा, फूल सरळच. शिंप्याच्या टेबलावर तेवढं कापड वाचतं.

माझी एकच मागणी आहे. आपले डिझायनर सगळी सूर्यफुलं समोरून, पुरती उमललेली, एका वयाची काढतात. एखाद्या साडीच्या पदरावर बी धरलेलं तबक, मान वळवलेलं पाठमोरं फूल, त्याची हिरवी काटेरी पाठ येऊ द्या. ती नेसणाऱ्या बाईनं शेतात ती पाठ पाहिलेली असते, ती ओळखेल.

छापलेली साडी पुढं लेस लावायला, टिकल्या-खडे चिकटवायला, धागे कापायला गोडादऱ्यातल्या घरांत येते. बाया घरचं आवरून नगावर हे काम करतात. ते आठवतं तेव्हा चिनी कलावंत आय वेवे याचं २०१० मधलं काम डोळ्यांपुढं येतं. लंडनच्या टेट मॉडर्नच्या प्रचंड दालनात त्यानं चिनी मातीच्या दहा कोटी सूर्यफूल-बिया पसरल्या होत्या. जिंगदेजेन या कुंभारांच्या शहरातल्या सुमारे १,६०० कारागिरांनी, बव्हंशी बायांनी, प्रत्येक बी हातानं रंगवली होती. माओच्या काळात चित्रांत माओ सूर्य असे आणि जनता सूर्यफुलं. वेवेनं तो सूर्य काढून टाकला आणि बिया ठेवल्या, एकेक वेगळी. त्या दालनासमोर उभं राहून किती हात लागले असतील असा प्रश्न लोकांना पडला. साडीवरच्या टिकल्या पाहतानाही तो पडावा.

आता गोडादऱ्यात हे फूल प्रत्यक्ष लावायचं तर. जागा गॅलरीची किंवा गच्चीची. सूर्यफुलाचं सोटमूळ खोल जातं आणि त्याला उपटून दुसरीकडे लावलेलं सोसत नाही, म्हणून बी थेट कुंडीतच, दोन-तीन सेंटिमीटर खोल पेरावं. कुंडी किमान फूटभर खोल हवी, तळाला भोकं मोकळी. आठवड्याच्या आत कोंब वर येतो. दिवसाचे सहा तास तरी थेट ऊन हवंच. शेजारच्या इमारतीची सावली पडत असेल तर देठ बारीक होऊन लांबतो आणि वाकतो. बुटक्या जातींत 'टेडी बेअर' ही व्हॅन गॉगच्या गुबगुबीत फुलांच्या वळणाची जात गॅलरीसाठी चांगली. परागच नसलेल्या काही जाती फुलदाणीसाठी तयार केलेल्या असतात, पडदे-टेबल खराब होऊ नयेत म्हणून. त्या घेऊ नका. मधमाश्यांना त्यांत पराग मिळत नाही, आणि मधमाश्या पाहणं हे सूर्यफूल लावण्याचं निम्मं सुख आहे. त्या आल्याच नाहीत तर गावाकडची रीत आहेच, तळहाताला कापड गुंडाळण्याची. सुरतेत मऊ कापडाच्या चिंधीला तोटा नाही.

दाणे भरू लागले की पोपट आणि खारी येतात. बी हवं असेल तर तबकाला विरळ जाळी बांधा. तबकाची पाठ पिवळी पडून तपकिरी होऊ लागली की काढा. संकरित वाणाचं बी पुन्हा पेरलं तर मूळ झाडासारखं येईलच असं नाही, एवढं लक्षात ठेवा.

सुरतेचा पाऊस त्याला मानवत नाही, मुळं कुजतात. दसऱ्यानंतरचा काळ उत्तम. पण इथं एक पेच आहे: १४ जानेवारीची उत्तरायण. त्या दिवशी सुरतेतली प्रत्येक गच्ची पतंगांची असते, आणि कमरेइतक्या उंच झाडांमध्ये मांजा अडकला की फुलाची मान पहिल्यांदा जाते. म्हणून एकतर दसऱ्याला पेरून डिसेंबरच्या मध्यापर्यंत फुलं पाहून घ्यावीत, नाहीतर डिसेंबरच्या अखेरीस पेरावं, म्हणजे उत्तरायणला रोपं वीतभरच असतात, कुंड्या सहज कोपऱ्यात सरकवता येतात आणि फूल फेब्रुवारीच्या अखेरीस येतं.

कुंड्यांची जागाही आधीच ठरवावी. उमललेलं फूल पूर्वेकडे पाहतं, गॅलरीतलं झाड तर उजेडासाठी बाहेरच झुकतं. म्हणजे गॅलरीत लावलेल्या सूर्यफुलाचं तोंड रस्त्यानं जाणाऱ्यांना दिसतं आणि घरातल्यांना पाठ. रस्त्याला फूल देणं हाही चांगला विचार आहे. पण सकाळचा चहा त्याच्यासमोर बसून घ्यायचा असेल तर कुंड्या गच्चीवर न्या आणि पश्चिमेच्या कठड्याला लागून ठेवा.